अर्धमाणसाच्या मुळांतला खडा

२ सप्टेंबर

भोपळ्या,

सहा वर्षांनी पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. कुणी मेलेलं नाही. खुशाली विचारायलाही लिहीत नाही. एकच प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर मला लेखी हवं आहे: हा खडा कुठला?

काल मी अर्धमाणसाची कुंडी बदलली. नऊ वर्षांत पहिल्यांदा. सरकारी बागेच्या काचेच्या दालनात ते झाड ठेवणार आहेत. दहा नोव्हेंबरला आमच्या झाडवेड्यांच्या मंडळाच्या वार्षिक सभेत ते बागेला द्यायचं, त्याच दिवशी माझ्या पुस्तिकेची तिसरी आवृत्ती निघायची, असं ठरलं आहे. बागेच्या लोकांना नवी, रुंद कुंडी हवी होती, म्हणून मी जुनी फोडली.

तुला सांगायला नको, पण सांगते, कारण तू कधीच नीट ऐकलं नाहीस. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, जिथे वर्षाकाठी जेमतेम बोटभर पाऊस पडतो, तिथल्या उघड्या डोंगरउतारांवर हे झाड एकटं उभं असतं. जाड, काटेरी खोड, त्यात साठवलेलं पाणी, आणि डोक्यावर पानांचा एक झुपका. लांबून माणूस उभा आहे असं वाटतं, म्हणून अर्धमाणूस. चोर ती उपटून बोटीत घालतात आणि जगभर विकतात. मी गेली नऊ वर्षं व्यासपीठावरून ओरडून सांगते आहे की उपटू नका, बीपासून वाढवा, वाढतं, हे पाहा, मी वाढवलं आहे. आणि माझ्या शेजारी टेबलावर ते झाड ठेवलेलं असतं.

माझ्या कुंडीत काय असतं हे मंडळाच्या साठ सभासदांना पाठ आहे. हलक्या ज्वालामुखी दगडाची भरड, दोनदा चाळलेली. मसुरीच्या दाण्याहून मोठा खडा माझ्या कुंडीत जात नाही. चाळणी मी दुसऱ्याच्या हातात देत नाही.

काल मुळं धुतली, तर दोन जाड मुळांच्या बेचक्यात एक पांढरा गारेचा खडा. सुपारीएवढा. एका बाजूला गंजाच्या रंगाची रेघ. तो वरून पडलेला नाही. मूळ त्याच्याभोवती वाढलं आहे, त्याला कवळ घालून जाड झालं आहे. मी ओढायला गेले तेव्हा खड्याबरोबर मुळाची साल निघाली.

बी मी पेरलं होतं. भरड मी चाळली होती. मधले चौदा महिने झाडं तुझ्याकडे होती.

उत्तर दे. टपालाचं तिकीट सोबत ठेवलं आहे, म्हणजे ती सबब नको.

ताई


१२ सप्टेंबर

भोपळ्या,

दहा दिवस झाले. तिकीट फुकट गेलं.

काल तुझ्याकडे तीन वेळा फोन केला. तिन्ही वेळा तुझ्या लेकीनं उचलला आणि तिन्ही वेळा म्हणाली, "आत्या, बाबा आंघोळीला गेलेत." दिवसातून तीनदा आंघोळ करून माणूस काय धुऊन काढतो, हे तिला विचारणार होते. विचारलं नाही. पोर खोटं बोलताना अडखळते. तेवढी तरी ती आपल्या घराण्यावर गेलेली नाही.

तू बोलत नाहीस, तर मीच उजळणी करते. बत्तीस वर्षं मुलांना इतिहास शिकवला, साक्षीदार गप्प बसला म्हणून अडून राहण्याची मला सवय नाही.

तेरा वर्षांपूर्वी तीस बियांची एक पुडी आली. शहरात पहिलीच. मी आणि घड्याळजी, आपल्या जुन्या शाळेसमोर घड्याळं दुरुस्त करणारा तो चष्मेवाला, आम्ही दोघांनी ती टेबलावर ओतून निम्मी-निम्मी वाटून घेतली. बियांना पांढरी शेंडी असते, श्वास जोरात सोडला तरी उडतात. आम्ही दोघं तोंडावर रुमाल बांधून बसलो होतो, एखाद्या दरोड्याच्या तयारीला बसावं तसे. माझी अकरा रुजली, त्याची नऊ. भरडीतून हिरवे, गुबगुबीत कोंब वर आले, डोक्यावर बियाची टोपी. मी भिंग घेऊन तासन्‌तास बघायचे. त्यातला एक बुडाशी जरा जास्तच सुटला होता, त्याला मी तुझं नाव दिलं होतं. हे तुला कधी सांगितलं नाही.

तीन वर्षांत ती करंगळीएवढी झाली. मग शिक्षकांचा संप उभा राहिला आणि संघटनेनं मला गावोगाव बोलायला पाठवलं. चौदा महिने. झाडं तुझ्या गच्चीवर ठेवली, चार पानांची सूचना लिहून दिली. परत आले, तर तू एक कुंडी पुढे केलीस. त्यात वीतभर उंचीचं, राखाडी पडलेलं, टणक झाड. मी विचारलं, बाकीची? तू म्हणालास, "दहा गेली, ताई. हे एक राहिलं. पत्र्यावर टाकून विसरूनच गेलो होतो बघ. पाणी ना बिणी."

आणि मी, जिनं पोरांना बनावट सनदा ओळखायला शिकवलं, मी त्या वाक्यावर डोकं टेकलं. करंगळीचं चौदा महिन्यांत वीतभर! मला प्रश्न पडायला हवा होता. मला सिद्धांत सुचला. जपलेली दहा मेली, टाकून दिलेलं एक तिपटीनं वाढलं. म्हणजे जपणंच घातक. कोरडं ठेवा, उन्हात टाका, विसरा. मी त्यावर पुस्तिका लिहिली. नाव ठेवलं 'लाड बंद'. सभागृहांतून गरजले: "ज्याला पाणी मिळतं तो पाणी मागायला शिकतो. ज्याला मिळत नाही तो मूळ खोल घालायला शिकतो!" टाळ्या पडायच्या. मी थांबायचे, आणि मग खालच्या आवाजात म्हणायचे, "आणि हे फक्त झाडांना लागू नाही." मग तर लोक उभे राहायचे.

पाच वर्षांपूर्वीच्या सभेत घड्याळजी आपली नऊ रोपं खोक्यात घालून घेऊन आला. चार-चार बोटं उंचीची, कोवळ्या सालीची. उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, माझा अनुभव वेगळा आहे. लहानपणी यांना थोडं थोडं पाणी लागतं. आणि वर्षाला अर्ध्या-पाऊण बोटापेक्षा जास्त ही वाढत नाहीत. तुमचं झाड मला समजत नाही."

मी काय उत्तर दिलं ते आठवतं का? तू नव्हतास, पण शहरभर झालं होतं. मी माझं झाड उचलून त्याच्या खोक्याशेजारी ठेवलं आणि म्हणाले, "एकच पुडी, एकच वर्ष. फरक बियांत नाही मंडळी, हातात आहे. काही हात घड्याळातली चाकं फिरवायलाच बनलेले असतात." सगळे हसले. तोही हसला. चष्मा काढून पुसला, खोकं उचललं आणि गेला. त्यानंतर मंडळात आला नाही.

एकच पुडी, एकच वर्ष. भोपळ्या, तो खडा माझ्या टेबलावर आहे आणि मी हे त्याच्याकडे बघत लिहिते आहे.

ताई


२४ सप्टेंबर

तुझं पत्र मिळालं. मायना लिहीत नाही, हात होत नाही.

तू लिहितोस: "ताई, उन्हाळ्याच्या मध्यापर्यंत अकराच्या अकरा सडली होती. तू लिहून दिलं होतंस, दर आठ दिवसांनी कुंडीच्या बुडातून वाहेपर्यंत पाणी. मी दिलं. एक वार चुकवला नाही. हात लावला की बुडातून मऊ लागायची. मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून अजून दिलं."

सोबत तू माझी ती चार पानं पाठवलीस. दहा वर्षं जपून ठेवली होतीस, कागद घड्यांवर फाटला आहे. मी ती तीनदा वाचली. पहिल्या पानावर झाडाच्या स्वाभिमानाबद्दल दोन परिच्छेद आहेत. दुसऱ्यावर वसाहतींनी आफ्रिका कशी ओरबाडली ते आहे. तिसऱ्यावर पाण्याचा वार, पाण्याची वेळ, पाणी देताना मनात कोणता भाव असावा. चौथ्यावर तुझ्या आळशीपणाबद्दल इशारा आहे. आणि ही झाडं उन्हाळ्यात झोपतात, उन्हाळा लागला की पाणी बंद करायचं, ही एक ओळ, जी शेंबड्या पोरानंही आधी लिहिली असती, ती कुठेही नाही. मला ती इतकी माहीत होती की लिहायची राहिली.

पुढे तू लिहितोस: "त्याच महिन्यात बंदरावर एक पेटारा पकडला. त्यात ही झाडं, चाळीस-पन्नास, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. जप्तीचा माल आमच्या गोदामात येतो आणि हुकूम आला की आम्ही जाळतो. मी जाळायला उभा होतो. सगळ्यात लहान होतं ते खिशात घातलं. तुझ्या रोपांसारखंच दिसत होतं गं. तू दमून आली असतीस आणि रिकाम्या कुंड्या बघितल्या असत्यास. तू रडली असतीस तर मला चाललं असतं. पण तू बोलली असतीस. मला तुझ्या बोलण्याची भीती वाटली."

एवढंच? पन्नाशीकडे झुकलेला माणूस, सरकारी नोकर, आगीसमोर उभा राहून सरकारचा माल खिशात घालतो, कारण त्याला बहिणीच्या जिभेची भीती वाटते? मला आधी हसू आलं. मग मी आठवू लागले की माझ्यासमोर कोण कोण खरं बोललं आहे. घड्याळजी बोलला. दुसरं नाव मला अजून सुचलेलं नाही.

आणि शेवटी तू ते काढलंसच. "माझी बायको गेली तेव्हा मी तुझ्याकडे मागची खोली मागितली. दोन-तीन महिने, लेकीला घेऊन. तू म्हणालीस, लाड केले की खोड पोकळ होतं, कोरडा राहा, उभा राहशील. ताई, ते वाक्य त्या झाडामुळे आलं होतं. मी दारात उभा होतो आणि मला ते झाड तुझ्या मागे खिडकीत दिसत होतं. मी तिथेच सांगणार होतो."

का नाही सांगितलंस? सांगायचं होतं! ओरडायचं होतं! मी दार लावून घेतलं असतं तरी खिडकीतून ओरडायचं होतं!

असो. मागची खोली तेव्हा रिकामी होती. आताही रिकामी आहे. मी तिथे कुंड्या ठेवते.

मला काय हवं आहे ते स्पष्ट लिहिते. दहा नोव्हेंबरला सभेत ये. झाड कुठून आलं ते तू सांग, बाकीचं मी सांगते. तू लिहितोस, "निवृत्तीला आठ महिने राहिलेत. जप्तीचा माल पळवला म्हटल्यावर नोकरी जाईल, निवृत्तिवेतन जाईल, वर खटला. पोरीचं शिक्षण अर्धवट आहे. ताई, आयुष्यात एकदा गप्प बस."

तिकडे सरकारी बाग पाटी रंगवून तयार ठेवते आहे: 'बीपासून वाढवलेले.' मी गप्प बसू?

ताई


१३ ऑक्टोबर

भोपळ्या,

काल घड्याळजीच्या दुकानात गेले. रुंदी एका माणसाची, खोली दोन माणसांची. भिंतीभर घड्याळं आणि प्रत्येकाची वेळ निराळी. तो डोळ्याला भिंग लावून बसला होता. वर न बघता म्हणाला, "घड्याळ आणलंय?"

"नाही."

"मग उभ्या राहा. खुर्ची घड्याळवाल्यांसाठी आहे."

मी उभी राहिले. रस्त्यावरून येणारे-जाणारे वाकून बघत होते. मी खडा काढून त्याच्या मखमलीच्या तुकड्यावर ठेवला. त्यानं तो चिमट्यानं उचलला, भिंगाखाली धरला, फिरवला. मुळाच्या सालीचा एक चिवट धागा अजून त्याला चिकटलेला आहे. तो त्यानं पाहिला.

"हा आपल्याकडचा नाही," तो म्हणाला.

"नाही."

"म्हणजे झाडही आपल्याकडचं नाही."

"नाही. घड्याळजी, तुमचं बरोबर होतं."

"ते मला माहीत होतं, बाई."

मला वाटलं होतं तो संतापेल. मी त्याची तयारी करून गेले होते, उत्तरं जुळवून गेले होते. तो चिमटा पुसत बसला. मग मी चूक केली. मी म्हणाले, "तुमची नऊ रोपं मला सभेत हवी आहेत. माझ्या झाडाच्या जागी ती ठेवायची. शहरात बीपासून खरी वाढलेली तीच आहेत. मी स्वतः व्यासपीठावरून सांगेन."

"नाहीत ती."

"दिलीत कुणाला?"

"मेली."

"कशानं?"

त्यानं पहिल्यांदा भिंग काढलं. त्या डोळ्याभोवती गोल वळ उठला होता. म्हणाला, "तुमच्या पद्धतीनं. सभेतून घरी गेलो आणि सगळी पत्र्यावर ठेवली. पाणी बंद. दीड महिन्यात चिपाडं झाली. बायको म्हणत होती, अहो, घोटभर तरी द्या. मी दिलं नाही. मी म्हटलं, बाईंचं झाड बघ आणि आपली बघ."

मी म्हणाले, "पण तुम्हाला माहीत होतं! तुम्ही उभं राहून सांगितलं होतंत! स्वतःच्या डोळ्यांनी आठ वर्षं बघितलेलं सोडून तुम्ही माझं का ऐकलंत?"

तो म्हणाला, "तुम्ही फार सुंदर बोलता हो."

त्यात टोमणा नव्हता, भोपळ्या. असता तर बरं झालं असतं. मी आयुष्यात पुष्कळ शिव्या खाल्ल्या. संपात माझ्या अंगावर शाई फेकली, व्यवस्थापनानं मला विकली गेलेली बाई म्हटलं. कशानंच मला दुकानाच्या फळीला हात टेकावा लागला नव्हता.

निघताना मी विचारलं, पाणी कसं द्यायचात? तो परत भिंग लावत म्हणाला, "चमच्यानं. संध्याकाळी. थंडीत दर आठवड्याला, उन्हाळ्यात महिन्यातून एखादा. भिजवूनही मरतात बाई, वाळवूनही मरतात. रोज जाऊन बघावं लागतं, एवढंच. त्यावर भाषण होण्यासारखं काही नाही."

पुस्तिकेच्या दोन आवृत्त्या खपल्या आहेत. किती पत्र्यांवर किती रोपं वाळली असतील? कुणीच कळवलं नाही मला. लोकांनी कळवलं ते "बाई, आमचा हात तुमच्यासारखा नाही" एवढंच. मी त्यांना धीर द्यायचे.

ताई


९ नोव्हेंबर, दुपारी

भोपळ्या,

तुझी लेक येऊन गेली. तू पाठवलं नव्हतंस असं ती म्हणाली, आणि या वेळी अडखळली नाही, म्हणून विश्वास ठेवते.

सहा वर्षांत केवढी झाली रे! उंबऱ्यात उभी राहून आधी मागच्या खोलीकडे बघितलं. तिला आठवत होतं. मी चहा टाकला, तो तिनं घेतला नाही, म्हणून मीही घेतला नाही, आणि दोन कप आमच्या मधे निवत राहिले.

म्हणाली, "आत्या, उद्या तू काय बोलणार आहेस?"

"खरं."

"सगळं?"

"खरं अर्धं नसतं, बाळ."

"मग बाबांचं काय?"

मी सुरू झाले. तुला माहीत आहे मी कशी सुरू होते. म्हणाले की प्रश्न एका माणसाच्या नोकरीचा नाही, एका डोंगरउताराचा आहे, की चोरीच्या झाडाला बीचं झाड म्हणून मिरवलं तर उद्या प्रत्येक चोर माझ्या झाडाकडे बोट दाखवेल, की घड्याळजीची नऊ रोपं... ती ऐकत होती. बापासारखीच मान खाली घालून ऐकते. मी थांबले तेव्हा म्हणाली, "आत्या, तुला खरं सांगायचंय की भाषण करायचंय?"

मी म्हणाले, "अगं, दोन्ही एकच."

"नाही आत्या. घड्याळजींना तू दुकानात सांगितलंस तेव्हा भाषण केलं होतंस का?"

तुझ्या लेकीला वकिलीला घाल.

ती गेल्यावर मी उद्याचं टिपण काढलं. सात पानं झाली आहेत. तुझं नाव तिसऱ्या पानावर आहे, आणि तो परिच्छेद, सांगायला लाज वाटते, सगळ्यात चांगला उतरला आहे. आगीसमोर उभा असलेला कारकून, खिशात काटेरी झाड, बहिणीच्या जिभेचं भय. मी तो मोठ्यानं वाचून पाहिला. कुठे थांबायचं तेही ठरवलं. आरशात पाहिलं तेव्हा माझा हात वर गेलेला होता.

अजून काही ठरलेलं नाही. तू येऊ शकतोस. सभा चारला आहे.

ताई


१२ नोव्हेंबर

भोपळ्या,

तू आला नाहीस. बरं केलंस.

सभागृह भरलेलं होतं. टेबलावर पांढरं कापड, त्यावर झाड, नव्या कुंडीत. शेजारी तिसऱ्या आवृत्तीचे गठ्ठे, सुतळीनं बांधलेले. बागेचे अधीक्षक पहिल्या रांगेत, पाटी मांडीवर घेऊन. तुमच्या जप्ती खात्याची एक तपासनीस बाईही आली होती, दर वर्षी पाहुणी म्हणून येते. घड्याळजी शेवटच्या रांगेत होता. मी त्याला बोलावलं नव्हतं. त्याच्या डोक्यावरचं सभागृहाचं घड्याळ बंद पडलेलं होतं आणि तो तिकडे न बघण्याचा प्रयत्न करत होता.

मी सात पानं पिशवीतून काढलीच नाहीत.

म्हणाले, "हे झाड बीपासून वाढवलेलं नाही. ते डोंगरावरून उपटलेलं आहे. माझी अकरा रोपं मी चुकीची सूचना लिहून मारली. 'लाड बंद'मध्ये लिहिलेलं सगळं खोटं आहे, तसं करू नका, रोपं मरतात. घड्याळजींनी पाच वर्षांपूर्वी इथे उभं राहून सांगितलं ते खरं होतं. मी त्यांची चेष्टा केली. त्यांची नऊ रोपं मी मारली." एवढंच. एक मिनिटसुद्धा लागलं नसेल. हात कुठे ठेवायचे ते कळत नव्हतं.

मग तपासनीस बाई उभी राहिली. काम म्हणजे काम. म्हणाली, "बाई, हे झाड तुमच्याकडे कुठून आलं?"

मी तयारी केली नव्हती, शपथेवर सांगते. म्हणाले, "मी विकत घेतलं."

"कुणाकडून?"

"बंदराबाहेर एक माणूस विकत होता. नाव विचारलं नाही."

"उपटलेलं आहे हे माहीत होतं?"

"माहीत होतं."

बस. भोपळ्या, चाळीस वर्षं मी व्यासपीठावरून बोलते आहे. पुरावे दिले, दाखले दिले, घसा फोडला, तरी मागच्या रांगेत कुणी ना कुणी मान हलवायचंच. पहिल्यांदा धडधडीत खोटं बोलले आणि सभागृहात एकालाही शंका आली नाही. अधीक्षकांनी पाटी उलटी करून मांडीवर ठेवली. मंडळाच्या चिटणीसबाई, ज्या माझं प्रत्येक भाषण उतरवून घ्यायच्या, त्या म्हणाल्या, "शी! आणि आम्हाला शिकवत होतात." मागून कुणीतरी म्हणालं, "वाटलंच होतं." वाटलंच होतं! नऊ वर्षं टाळ्या वाजवताना वाटलंच होतं!

एक माणूस सोडून. घड्याळजी माझ्याकडे बघत होता. त्याला खोटं कळलं. खडा त्यानं भिंगाखाली पाहिला आहे, आणि एवढं जाड मूळ खड्याभोवती वाढवून नऊ वर्षं काहीच न कळलेली बाई त्यानं दुकानात उभी पाहिली आहे. त्याच्या तोंडून एक शब्द निघाला असता तर तपासनीस बाईनं पुढचा प्रश्न विचारला असता आणि तो तुझ्या दारापर्यंत आला असता. तो उठला. मला वाटलं, आता. तो खुर्चीवर चढला, भिंतीवरचं घड्याळ उतरवलं, काखेत मारलं आणि निघून गेला. मला माफ केलं नाही त्यानं. फक्त बोलला नाही.

सभासदत्व गेलं. पुस्तिकेचे गठ्ठे रद्दीत जातील. माझ्यावर खटला होईल, म्हातारी म्हणून थोडक्यात सुटेन असं वकील म्हणतो. तुझं नाव कुठेही नाही. मेच्या अखेरीस निवृत्त हो, पोरीला शिकव. माझे आभार मानायला येऊ नकोस. मी हे तुझ्यासाठी केलं की तिसऱ्या पानावरचा तो परिच्छेद वाचायचा मोह मला आवरावा म्हणून केलं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. आणि तू त्या दिवशी दारात उभा होतास त्याची भरपाई यानं होत नाही, हे मला कळतं. मागच्या खोलीची किल्ली तुझ्या लेकीला देऊन ठेवली आहे. तिनं घेतली. वापरेल असं वाटत नाही.

आता कामाचं.

झाड दुसऱ्यांदा जप्त झालं. तपासनीस बाईनं माझ्या सहीनं ते नेलं, आणि जप्तीचा माल कुठे येतो ते मला माहीत आहे. एक-दोन दिवसांत ते तुझ्याच टेबलावर येईल. तूच त्याची नोंद करशील, ओळख न दाखवता. निकाल लागेपर्यंत ते गोदामात राहील. नंतर जाळतील किंवा बागेला देतील, न्यायाधीश ठरवेल. महिने लागतील. मधे उन्हाळा येईल.

मुळाची साल माझ्या हातानं निघाली आहे, त्यामुळे ते आधीच दुखावलेलं आहे. खडा मी काढायला नको होता.

या वेळी सूचना चार पानी नाही. तू निवृत्त झालास की तुझ्या जागी येणाऱ्या माणसालाही हाच कागद दे:

खिडकीजवळ ठेव. दर पंधरा दिवसांनी अर्धा पेला. उन्हाळा लागला की पाणी बंद.

ताई